गिरणेच्या वाहत्या पाण्यावर सेंटरपिन रीळ: दिवाळी ते मे

दिवाळीनंतर घेतलेलं, गळाने मासे धरायचं साडेचार इंची सेंटरपिन रीळ मे संपेपर्यंत वापरलं, म्हणून आता लिहायला बसलो. आमच्या भडगाव-पाचोरा पट्ट्यात उन्हाळ्याकडे गिरणा खरी वाहते ती धरणातून आवर्तन सुटलं की. तेवढ्या दिवसांत या रिळासारखं दुसरं साधन नाही. तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात, थांबलेल्या पाण्यावर मात्र ते घेऊन जाऊ नका. तिथे साधं स्पिनिंग रीळच बरं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी पतंगाची चक्री डोळ्यांसमोर आणावी. एका कण्यावर मोकळा फिरणारा ड्रम, बस्स. आत गिअर नाही, ड्रॅग (मासा ओढताना ताण धरणारा ब्रेक) नाही, उलट फिरणं अडवणारी कळ नाही. मूठ एकदा फिरवली की ड्रमचा एकच वेढा, म्हणजे जेमतेम 36 सेंटीमीटर तंगूस (गळाचा नायलॉनचा दोर) गुंडाळला जातो. वीस मीटरवरून तरंगा (गळाच्या वर पाण्यावर तरंगणारी खूण) परत आणायचा तर पन्नासाच्या वर फेरे. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या ट्रेंट नदीवर ही रिळं रुजली ती गळ लांब फेकण्यासाठी नव्हे, तर तरंगा प्रवाहाबरोबर सोडण्यासाठी. स्पिनिंग रिळावरून तंगूस वेटोळ्यांनी सुटतो, वाऱ्याने त्याला झोळ पडतो आणि तरंगा हिसके खात जातो. इथे प्रवाहच ड्रम ओढतो आणि दोर सरळ राहतो.

पण माझं नवं रीळ प्रवाहाला ओढवेचना. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, वापरून वापरून मोकळं होईल. दोन आठवडे वाट पाहिली, झालं नाही. शेवटी उघडलं तर बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस भरलेलं. रॉकेलने धुतलं, कोरडं केलं आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. आता एक टिचकी मारली की ड्रम मिनिटभर फिरत राहतो. गिरणेची बारीक वाळू आत गेली की तेच रीळ करकरतं, म्हणून मी ते वाळूवर ठेवतच नाही. खाली रुमाल अंथरतो.

दुसरी चूक माझीच. ड्रम काठोकाठ भरला. वरचा तंगूस खालच्या वेढ्यांत रुतायचा आणि तरंगा मधल्या धारेत खाडकन थांबायचा. आता 0.20 मिलिमीटरचा ऐंशी मीटरच ठेवतो, तोही हलक्या ताणाने गुंडाळून.

फेकायचं कसं, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. सुरुवातीला फेकूच नका. तेरा फुटी काठीच्या शेंड्याखाली तरंगा सोडा आणि बाकी काम पाण्याला करू द्या. मग काठीवरच्या कड्यांच्या मधून तंगूसाचे बोटांनी दोन-तीन फासे ओढून धरायचे आणि काठी झुलवताना सोडायचे. हात बसायला मला महिना लागला. नुसती नक्कल करून इथे भागत नाही, नदीवरच शिकावं लागतं.

खरी गोष्ट अंगठ्याची आहे. तळाशी खडक-वाळूच्या घर्षणाने पाणी सावकाश चालतं, वर जोरात. तरंगा मोकळा सोडला की तो आमिषाला तळाच्या वेगापेक्षा जोरात फरफटत नेतो, आणि मासा अशा आमिषाला तोंड लावत नाही. म्हणून ड्रमच्या कडेवर अंगठा टेकवून तरंगा किंचित मागे धरायचा. मग आमिष पुढे आणि तरंगा मागे, असं जातं. काठावर बसणारे एक आबा माझं बघत होते. म्हणाले, "चक्रीले ढील दे, पन बोट उचलू नको." पतंग उडवलेल्या हाताला ते लगेच कळलं.

फेब्रुवारीत एका सकाळी जामद्याच्या बंधाऱ्याखाली कणकेत उडदाचं पीठ मळून गोळी लावली होती. उडदाने ती पाण्यात टिकते. तरंगा, मोराच्या पिसाची दांडी, खडकाच्या कडेने चालला होता. मी क्षणभर जास्त दाबलं, सैल सोडलं, आणि तो बुडाला नाही, नुसता आडवा सरकला. काठी उचलली तर ड्रम अंगठ्याखाली गरगरायला लागला. मध्ये यंत्र नसल्यामुळे माशाची प्रत्येक डोकेझटक थेट कातडीला कळते. दीड किलोचा रोहू होता. अंगठ्याने रोखत, मोकळं सोडत आणला. रिळाची मूठ मात्र सोडायचीच. धरून ठेवली तर बोटांचे सांधे फुटतात, माझे फुटले आहेत.

एक त्रास रिळाचा नाही, नदीचा आहे. वाळू उपशाने तळाला इतके खड्डे पडलेत की दहा पावलांवर खोली दुप्पट होते, तरंगा तंगूसवर पुन्हा पुन्हा वर-खाली सरकवावा लागतो. पूर्वीचा सपाट, लांब वाहता पट्टा सापडतच नाही, याचं फार वाईट वाटतं.

पैशाचं म्हणाल तर हे पहिलं रीळ म्हणून घेऊ नका. पण वर्षभर तरंग्यावर मासे धरले असतील आणि जवळ वाहतं पाणी असेल तर घ्या, आणि घेण्याआधी ड्रम मोकळा फिरतो का ते हातात धरून बघा. माझं सध्या धुऊन, तेल घालून कापडात आहे. पावसाळ्यात गिरणा-तापी दोन्ही गढूळ आणि बेभरवशाच्या असतात, काठाला जायचं नाही. पुढच्या आवर्तनाची तारीख कळली की काढेन.