दुकान चांगलं, फक्त ‘गरम पाण्यात टाका काका’ एवढं ऐकू नका

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. या ६१ दिवसांत पुण्यात राहणाऱ्या मालवणी माणसाने काय खावं, हा प्रश्न दरवर्षी आमच्या घरी पडतो. बायको कोल्हापूरची, तिला मटण असलं की झालं. पण यंदा आषाढात आई गावाहून आली होती आणि श्रावण लागायच्या आत कोळंबीचं सुकं झालंच पाहिजे असा हुकूम होता. म्हणून घराजवळ नव्याने उघडलेल्या फ्रोझन मासळीच्या दुकानात पहिल्यांदा गेलो. त्यानंतर चार खेपा झाल्या, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आधी माल. ३१/४० ची सोललेली व्हनामी कोळंबी, पाकीट ४२० रुपये. ३१/४० म्हणजे एका पौंडात, साधारण ४५४ ग्रॅममध्ये, इतके नग. व्हनामी तळ्यातली, बहुतेक आंध्रातून येते, त्यामुळे तिला बंदीशी देणंघेणं नाही. पाकिटावर ‘ग्लेझ सोडून निव्वळ वजन ४०० ग्रॅम’ असं छापलेलं. ग्लेझ म्हणजे प्रत्येक कोळंबीवर चढवलेला बर्फाचा पातळ थर. तो नसेल तर फ्रीझरमध्ये कोळंबी सुकून पांढरी पडते, म्हणजे थर हवाच, फक्त त्याचे पैसे लावायला नकोत. लेकीच्या केकच्या वजनकाट्यावर ठेवून बघितलं. बर्फासकट ५०५ ग्रॅम, बर्फ गेल्यावर ३९२, नग ३३. म्हणजे सांगितलं तेवढं दिलं. एकाच गोष्टीत फसलो: पाकिटावर बारीक अक्षरात ‘पीयूडी’ लिहिलं होतं. म्हणजे नुसती सोललेली, पाठीतला काळा दोरा तसाच. दोरा काढलेली हवी असेल तर ‘पीडी’ बघून घ्या. तेहतीस दोरे मीच काढले, आई बाजूला बसून चुका काढत होती.

तिने पाकीट हातात घेतल्या घेतल्या विचारलं होतं, ‘‘ह्यां काय रे? गारगोटे?’’ मग नाकाजवळ नेऊन, ‘‘वास नाय ती सुंगटां कसली?’’ वास नसणं ही तक्रार होऊ शकते हे मला त्या दिवशी कळलं.

आता खरी तक्रार. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, याचा बर्फ कसा सोडवायचा? तो म्हणाला, ‘‘काका, गरम पाण्यात टाका, दहा मिनिटांत मोकळी होते.’’ पहिल्या खेपेला ऐकलं. दहा मिनिटांनी कोळंबीच्या कडा पांढऱ्या-गुलाबी होऊन वळल्या होत्या, म्हणजे शिजायला लागल्या होत्या, आणि मधोमध बोट दाबलं तर अजून खडा. कढईत टाकल्यावर इतकं पाणी सुटलं की सुक्याचं कालवण झालं, आणि चावताना रबर. चव गेली ते एक, पण धोका वेगळाच. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे त्यांना पुन्हा जोर येतो, आणि कोमट पाण्यात बाहेरचा थर नेमका तिथेच जाऊन बसतो. काही जंतूंचं विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही, त्यामुळे ‘शिजवल्यावर सगळं मरतं’ हे समाधान पुरत नाही. आई पाकीट सकाळी ओट्यावर काढून ठेवायची म्हणत होती, तेही याच कारणाने नको. आत बर्फ असतो म्हणून आपण निर्धास्त असतो आणि बाहेरची बाजू तीन-चार तास पुण्याच्या हवेत पडून राहते. कच्ची कोळंबी फ्रीजबाहेर फार तर दोन तास, उन्हाळ्यात एकच.

दुसऱ्या खेपेपासून फ्रीज. रात्री दहाला पाकीट कापलं, कोळंबी चाळणीत, चाळणी पातेल्यावर, वर ताट, आणि सगळं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. खालच्या अशासाठी की सुटलेलं पाणी दह्यावर आणि कोथिंबिरीवर ठिबकू नये. सकाळी आठला पातेल्यात वाटीभर गढूळ पाणी आणि वर घट्ट, किंचित करडी, लवचीक कोळंबी. ओटा पुसतात तशी नाही, टिपकागदाने दाबून टिपली. मग मीठ, हळद, आगळ (कोकमाचा रस). या वेळी कढईत पाणी सुटलं नाही, कडेला तांबूस खरपूसपणा आला. आईने दोनदा वाढून घेतली आणि मत काही दिलं नाही, म्हणजे आवडली.

जाता जाता: हे करण्याआधी फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवून बघितला तर ८ अंश. पावसाळ्यात थंडी पुरे म्हणून कुणीतरी बटण कमीवर फिरवून ठेवलं होतं. ४ अंशांवर आणलं तेव्हा कुठे ‘फ्रीजमध्ये ठेवलं’ या शब्दांना अर्थ आला.

घाई असेल तर पाणी चालतं, पण गार आणि पिशवीबंद. सगळीकडे ‘नळाच्या गार पाण्यात’ असं सांगतात. आमच्या टाकीचं पाणी मोजलं तर जुलैतही २५ अंश, त्याला गार कसं म्हणायचं? म्हणून झिपच्या पिशवीत कोळंबी, हवा दाबून काढायची, पातेलंभर पाण्यात बर्फाचा एक ट्रे, वर पिशवी बुडती राहावी म्हणून वाटी. अर्ध्या तासाने पाणी बदललं, आणखी दहा मिनिटांत ४०० ग्रॅम मोकळी. पिशवीशिवाय पाण्यात टाकली तर चव पाण्यात जाते आणि सिंकभर कच्च्या कोळंबीचं पाणी होतं. अशी सोडवलेली लगेच शिजवायची, परत फ्रीझरमध्ये टाकायची नाही. आणि कालवणच करायचं असेल तर सोडवायचीही गरज नाही. सुटी गोठवलेली कोळंबी थेट उकळत्या रशात घाला, फक्त पाणी थोडं कमी धरा आणि दोन-तीन मिनिटं जास्त द्या.

दुकानाची जमेची बाजू सांगतो. पाकीट हातात घेऊन हलवलं की कोळंबी खुळखुळली पाहिजे. इथली खुळखुळते. यापूर्वी दुसऱ्या एका दुकानातून आणलेलं पाकीट म्हणजे एकच ढेकूळ होतं, कोपऱ्यात भुसभुशीत बर्फ आणि तळाशी गुलाबी पाण्याचा गोठलेला थर. म्हणजे लाइट गेल्यावर वितळलेली आणि लाइट आल्यावर पुन्हा गोठलेली. उघडल्यावर जो वास आला, तो आईलाही नको वाटला असता. इथे फ्रीझरवरचा आकडा चारही वेळा उणे १८ किंवा त्याखाली दिसला, आणि पाकिटं फ्रीझरमधल्या माल भरायच्या मर्यादेच्या लाल रेषेच्या वर रचलेली नव्हती.

तिसऱ्यांचं, म्हणजे छोट्या शिंपल्यांचं, मात्र जमलं नाही. उकडून काढलेलं मांस, २०० ग्रॅमचं व्हॅक्यूम पाकीट. चव आहे, पण खसखशीसारखी कचकच लागली, वाळू नीट सुटलेली नव्हती. एकदा शिजलेलं असल्याने पुन्हा शिजवत बसलात तर चिवट होतं, मसाला तयार झाल्यावर शेवटी घालायचं. महत्त्वाचं म्हणजे असं हवाबंद पाकीट फ्रीजमध्ये सोडवताना आधी कोपरा कापायचा. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूची एक जात हवेशिवाय आणि फ्रीजच्या थंडीतही वाढू शकते. पाकिटावर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘काका, कापलं की गिऱ्हाईक म्हणतं पाकीट फुटकं दिलं.’’ अरे, इथे नाही, घरी गेल्यावर कापायला सांग!

अर्ध्या शिंपल्यातले शिणाणेही आहेत. एकदाच आणले, न सोडवता थेट वाफवले, लसूण-खोबरं घालून ठीक लागले. गावच्या खडकावरच्या शिणाण्यांशी तुलना करणार नाही.

पाचपैकी साडेतीन. एक तारा सल्ल्याचा कापला, अर्धा वाळूचा. घरपोच देतात, पण माझं पाकीट स्कूटरच्या डिकीत बर्फाशिवाय आलं आणि हातात घेतलं तर बाहेरून ओलं होतं. आता मी स्वतः जातो, जुनी थर्माकोलची पेटी घेऊन. परवाच्या खेपेला मुलाने पाकीट देताना विचारलं, ‘‘काका, ते फ्रीजमध्ये किती तास म्हणालात?’’