रोज एक भाग, सहा महिने: ‘आय लव्ह लुसी’च्या डीव्हीडी संचाचा अनुभव

अमेरिकन अभिनेत्री लुसील बॉल यांच्या ‘आय लव्ह लुसी’ या १९५० च्या दशकातल्या विनोदी दूरचित्रवाणी मालिकेचा संपूर्ण डीव्हीडी संच मी अमेरिकेतून मागवला, त्याला आता आठ महिने झाले. रात्रीच्या जेवणानंतर आई आणि मी रोज एक भाग पाहत असू, आणि १८० भाग संपायला सहा महिने लागले. अमेरिकेतल्या चकत्यांचा प्रदेश-संकेत वेगळा असल्यामुळे त्या आमच्या जुन्या प्लेअरवर चालल्या नाहीत आणि सर्व प्रदेशांच्या चकत्या चालवणारा प्लेअर घ्यावा लागला. घेणाऱ्याने हा खर्च आधीच धरावा. एका चकतीवर ओरखडा होता, ती विक्रेत्याने बदलून दिली.

चित्राची स्पष्टता ही या संचाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, आणि तिचे श्रेय मुळात लुसील बॉल आणि त्यांचे पती डेझी अर्नाझ यांच्याकडे जाते. १९५१ मध्ये बहुतेक मोठ्या मालिका न्यू यॉर्कहून थेट प्रक्षेपित होत, आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला मॉनिटरच्या पडद्यावरून टिपलेली धूसर फिल्म दाखवली जाई. या दोघांनी हॉलिवूड सोडायला नकार दिला, प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रीकरण करण्याचा आग्रह धरला आणि वाढत्या खर्चापोटी मानधन कमी घेऊन त्या फिल्मची मालकी स्वतःकडे ठेवली. त्या मालकीतूनच ‘डेझिलू’ ही त्यांची कंपनी वाढली. १९३० च्या दशकात ज्या आरकेओ या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीमध्ये बॉल करारबद्ध नटी म्हणून किरकोळ भूमिका करत होत्या, त्याच आरकेओची स्टुडिओ-आवारे १९५७ मध्ये डेझिलूने विकत घेतली.

सगळे भाग क्रमाने पाहिल्यामुळे मला बॉल यांची मेहनत दिसली, आणि सुटे प्रसंग पाहून ती कळली नसती असे मला वाटते. चॉकलेटच्या कारखान्यातला प्रसंग आम्ही चार वेळा पाहिला. सरकता पट्टा वेग घेतो, लुसी (बॉल) आणि तिची मैत्रीण एथेल चॉकलेटे तोंडात, टोपीत, कपड्यांत कोंबू लागतात, आणि त्यांच्या एकाही हालचालीत घाईगडबडीचा गोंधळ नसतो. आईला ते झरझर बोललेले इंग्रजी समजत नाही आणि संचात हिंदी किंवा मराठी ध्वनी नाही; तरीही “हिला भाषा कशाला हवी?” असे ती त्या रात्री म्हणाली.

मला सर्वांत जवळचा भाग मात्र हसवणारा नाही. डिसेंबर १९५२ मध्ये दाखवलेल्या त्या भागात लुसी नवऱ्याला, अर्नाझ यांनी साकारलेल्या रिकीला, आपल्याला दिवस गेल्याचे कळवते. बॉल त्या वेळी खरोखरच गरोदर होत्या. वाहिनीला ‘प्रेग्नंट’ हा शब्द चालत नव्हता आणि पटकथा धर्मगुरूंच्या नजरेखालून जात होत्या. पडद्यावर दोघांचे डोळे भरून येतात ते खरे अश्रू आहेत, आणि तेच चित्रण प्रसारित झालेल्या भागात ठेवले गेले. १९ जानेवारी १९५३ रोजी मालिकेतल्या बाळाचा आणि त्यांच्या मुलाचा जन्म एकाच दिवशी झाला.

काही भागांत रिकी लुसीला मांडीवर आडवी घालून चापट्या मारतो. ते विनोद म्हणून मला अजिबात पाहवले नाहीत, आणि लहान मुलांबरोबर पाहणाऱ्यांना मी हे आधीच सांगेन. नवऱ्याकडे पैशांसाठी आर्जवे करणारी ही गृहिणी साकारणाऱ्या बाईंनी १९६० च्या घटस्फोटानंतर, १९६२ मध्ये, पतीचा वाटाही विकत घेऊन स्टुडिओ एकटीने चालवला आणि ‘स्टार ट्रेक’सारख्या मालिकेला तिथे जागा दिली, हे लक्षात ठेवून मी ते भाग पार केले.

आता आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आहे. मे १९५७ चा शेवटचा भाग मात्र मी लगेच दुसऱ्यांदा पाहिला, कारण पुतळ्याच्या अनावरणाच्या गर्दीत बॉल आणि अर्नाझ यांची दोन्ही खरी मुले उभी आहेत आणि पहिल्या वेळी ती माझ्या नजरेतून निसटली होती.