गाडी सारखी बंद पडते आणि डीलर दाद देत नाही: भांडावं, बाहेर दाखवावं, परत करावी की विकावी?

गाडी एकदाची पूर्ण बिघडली तर एका अर्थी बरं असतं. टो करून न्यावी लागते, दोष समोर दिसतो, पार्ट बदलतात, विषय संपतो. डोकं खाते ती अधूनमधून बिघडणारी गाडी. सिग्नलला उभी असताना बंद पडते, चावी फिरवली की निमूट सुरू होते. चढावर पिकअप जातो आणि सर्व्हिस सेंटरच्या दारात पोचेपर्यंत परत येतो. पहिल्या खेपेला 'स्कॅनरवर कोड काही येत नाही' असं उत्तर मिळतं (कोड म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक), दुसऱ्या खेपेला 'सॉफ्टवेअर अपडेट टाकलाय, चालवून बघा', आणि तिसऱ्या खेपेला 'या मॉडेलमध्ये एवढं चालायचंच'.

अशा मालकापुढे वाटा चारच असतात: डीलरकडेच खेटे घालायचे, बाहेरच्या मेकॅनिकला दाखवायची, कायद्याचा आधार घेऊन गाडी परत करायची, किंवा विकून मोकळं व्हायचं. बहुतेक जण वैताग किती आलाय त्यावरून वाट निवडतात. मला वाटतं, त्याआधी एक प्रश्न विचारावा: दोष शोधण्यात जो वेळ जाणार आहे, त्याचे पैसे कोण देणार? या प्रश्नाचं उत्तर चारही वाटांवर वेगळं आहे आणि बरीचशी टोलवाटोलवी तिथूनच सुरू होते.

डीलर: कोड असेल तर राजा, नसेल तर हात वर

वॉरंटीतलं काम तुम्हाला फुकट असतं, डीलरला नसतं. तो त्याचं बिल कंपनीला लावतो आणि कंपनी प्रत्येक कामाला ठरवून दिलेला वेळ मोजते. अमुक सेन्सर बदलला तर इतकी मिनिटं, तमुक पंप बदलला तर इतके तास. जुना पार्ट कंपनी परत मागवू शकते आणि तो ठीक निघाला तर क्लेम नाकारूही शकते. या हिशोबात 'दोन तास चालवून पाहिली, वायरिंग हलवून पाहिलं, काही सापडलं नाही' या कामाला फारशी किंमत नसते. ज्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकला कामागणिक ठरलेल्या तासांचेच पैसे मिळतात, तिथे तर अशी गाडी त्याच्या वाट्याला येणं म्हणजे त्याचा दिवस फुकट जाणं. तुमच्याशी बोलणारा सर्व्हिस अॅडव्हायझर हसून बोलतो की तुसडेपणाने, याने त्यात काही फरक पडत नाही.

म्हणून डीलर कशाला चांगला, हे आधी समजून घ्यावं. चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि कोड साठवला गेलाय, दोष कंपनीला आधीच माहीत आहे आणि त्यावर वर्कशॉपसाठी तांत्रिक सूचना निघालेली आहे, रिकॉल आहे, म्हणजे सदोष गाड्या कंपनीनेच दुरुस्तीला परत बोलावल्यात, किंवा एखाद्या कंट्रोल मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकात, नवीन सॉफ्टवेअर टाकायचंय. या चारही बाबतींत बाहेरचा कितीही हुशार असला तरी डीलरला तोड नाही, कारण कंपनीचं सॉफ्टवेअर आणि लॉगिन त्याच्याकडे असतं. तेव्हा जाताना 'बघा ना काय झालंय' म्हणण्याऐवजी 'या चॅसी नंबरवर एखादी सूचना किंवा रिकॉल बाकी आहे का, लेखी सांगा' असं विचारावं. चॅसी नंबर म्हणजे तो 17 अक्षरी व्हीआयएन. अनेक देशांत तो सरकारी किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल घरबसल्याही तपासता येतो.

दुसरी गोष्ट जॉब कार्डाची. तिथे साधारण असं लिहिलेलं सापडतं: 'ग्राहकाची तक्रार: गाडी कधीकधी बंद पडते. तपासले. दोष आढळला नाही.' हा कागद पुढे तुमच्याच विरुद्ध वापरला जातो. त्याऐवजी तुमच्या शब्दांत लिहून घ्या: 'इंजिन गरम, अर्धा तास चालवल्यानंतर, एसी चालू, गिअर न्यूट्रल, वेग शून्य, इंजिन बंद, सगळे दिवे लागले, 10 सेकंदांनी पुन्हा सुरू.' सोबत मोबाइलवर काढलेला डॅशबोर्डचा व्हिडिओ. तोंडी सांगितलेलं जॉब कार्डावर उतरेपर्यंत 'गाडी कधीकधी बंद पडते' एवढंच उरतं. आणि गाडी 'ऑब्झर्व्हेशनला' ठेवून घेतली तर आत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख, दोन्ही वेळचे किलोमीटर नोंदवल्याशिवाय सही करू नका. सरळ 'काम झालं नाही, कार्ड बनवत नाही' म्हणून गाडी परत देणारे डीलरही असतात. तसं झालं की त्याच दिवशी ईमेल टाकावा, म्हणजे त्या खेपेची नोंद तरी राहते.

बाहेरचा मेकॅनिक: शोधण्याचे पैसे तुम्ही देता, म्हणून तो शोधतो

सकाळी बॅटरी उतरलेली असते, ही तक्रार घ्या. डीलर बॅटरी तपासतो, ठीक असते. पुन्हा उतरते, बॅटरी बदलून देतो. नवीही उतरते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. खरा दोष बहुतेकदा असा असतो की गाडी बंद केल्यावरही कुठलं तरी मॉड्यूल झोपत नाही आणि करंट ओढत राहतं.

तो शोधण्याची पद्धत कंटाळवाणी आहे. बॅटरीच्या निगेटिव्ह केबलला मालिकेत अॅमीटर लावायचा, बॉनेटचं आणि दाराचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने दाबून 'बंद' करायचं म्हणजे गाडीला सगळं मिटलंय असं वाटेल, गाडी लॉक करायची आणि किल्ली लांब ठेवायची. मग अर्धा तास, काही गाड्यांत त्याहून जास्त, नुसतं थांबायचं. सगळी मॉड्यूल झोपली की करंट साधारण 50 मिलीअॅम्पिअरच्या खाली यायला हवा. नाही आला तर एकेका फ्यूजवरचा मिलीव्होल्टमधला फरक मोजत जायचं. फ्यूज उपटायचा नाही, कारण परत लावताना झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि थांबणं पहिल्यापासून सुरू. यात अर्धा दिवस सहज जातो. वॉरंटीच्या बिलात तो कोण धरणार? चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन मात्र हे करतो, कारण त्याच्या वेळेचे पैसे तुम्ही मोजताय.

बाहेरची नजर काय करू शकते याचा सर्वांत कडवट दाखला जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचा आहे. शेवरले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा गाड्यांत स्विचची पकड ढिली होती. चाव्यांचा जड जुडगा लटकला किंवा गुडघा लागला की चावी चालत्या गाडीत मागे सरकायची, इंजिन आणि पॉवर स्टीअरिंग जायचं, आणि अपघात झालाच तर एअरबॅग उघडायच्या नाहीत. मालक तक्रारी करत होते. कंपनीच्या लेखी इंजिन असं बंद पडणं हा सुरक्षिततेचा नव्हे तर ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न होता. 2005 साली डीलरना सूचना गेली की ग्राहकाला जुडग्यातल्या जड वस्तू काढायला सांगा. पुढे 2006 च्या सुमारास स्विच गुपचूप सुधारला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुना आणि नवा वेगळा आहे हे कागदावर कळायला मार्गच नव्हता. एका मृत्यूच्या खटल्यात वकिलाने नेमलेल्या बाहेरच्या इंजिनिअरने जुना स्विच आणि बाजारातून आणलेला नवा स्विच खोलून शेजारी ठेवले, तेव्हा आतली दांडी वेगळ्या लांबीची निघाली. रिकॉल सुरू झाला 2014 मध्ये, सुमारे 26 लाख गाड्यांचा. भरपाई निधीने या दोषापायी 124 मृत्यू मान्य केले.

'बाहेर दाखवलीत तर वॉरंटी जाईल' ही धमकी अर्धीच खरी. अमेरिकेत 1975 च्या वॉरंटी कायद्याने, काही फुकट दिल्याशिवाय, आपल्याच ब्रँडचा पार्ट किंवा सेवा वापरण्याची अट घालायला कंपन्यांना मनाई आहे. युरोपात स्पर्धा नियमांमुळे नुसत्या बाहेरच्या सर्व्हिसिंगवरून वॉरंटी नाकारता येत नाही. भारतात स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल. पण बाहेरच्याने हार्नेस, म्हणजे वायरिंगचा जुडगा, कापला, जोड मारला, तर त्या भागाची वॉरंटी नाकारायला डीलरला आयतं कारण मिळतं, आणि तेव्हा त्याची बाजू चुकीची नसते. आधीच वायरला टॅप मारून बसवलेले हॉर्न, दिवे किंवा डॅशकॅम असतील तर तेही काढूनच गाडी दाखवावी.

म्हणून गाडी वॉरंटीत असेल तर मधला मार्ग मला सर्वांत पटतो: बाहेरच्याकडून फक्त निदान घ्यायचं, दुरुस्ती नाही. काही कापायचं नाही, कोड पुसायचे नाहीत. कोडसोबत साठवलेला फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणाचे वेग, तापमान, आरपीएम, पुसलं की गेला. निदान लेटरहेडवर लेखी घ्यायचं आणि डीलरला द्यायचं. आता शोधण्याचं काम झालेलं असतं, त्याला फक्त पार्ट बदलायचाय, आणि त्या मिनिटांचे पैसे कंपनी त्याला देते. कालपर्यंत ताकास तूर लागू न देणारा अॅडव्हायझर अशा वेळी बराच मवाळ होतो.

मॉड्यूल कोडिंग, किल्ली जोडणं, कॅमेरा-रडारचं कॅलिब्रेशन या कामांसाठी बाहेरच्याकडे जाण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे अधिकृत साधन आहे हे पाहिलं असेल तरच जा.

परत करणं: हक्क आहे, पण घड्याळ लावलेला

इथे शोधण्याचं ओझं कायदा काही काळापुरतं विक्रेत्यावर किंवा कंपनीवर टाकतो. तो काळ निघून गेला की ओझं तुमच्यावर. देशागणिक फरक मोठा आहे, त्यामुळे दुसऱ्या देशातला सल्ला वाचून पत्र लिहायला बसू नका.

ब्रिटनमध्ये 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत सदोष गाडी नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो पहिल्यापासूनच होता असं धरलं जातं आणि नसल्याचं सिद्ध करणं विक्रेत्याचं काम. गाडीच्या बाबतीत पहिल्या 30 दिवसांनंतर परत केल्यास वापराची रक्कम कापून घेतली जाऊ शकते. हा सगळा दावा विक्रेत्यावर, म्हणजे डीलरवर असतो. अमेरिकेत उलट. तिथले राज्याराज्यांचे लेमन लॉ, म्हणजे वारंवार बिघडणाऱ्या गाडीसाठीचे कायदे (पहिल्यांपैकी एक कनेक्टिकटचा, 1982), नव्या गाडीसाठी मुख्यतः उत्पादक कंपनीला जबाबदार धरतात. कसोटी साधारण अशी: तोच दोष ठरावीक वेळा दुरुस्त करूनही गेला नाही, किंवा गाडी एकूण 30 दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली. जिवावर बेतणाऱ्या दोषाला बऱ्याच ठिकाणी कमी खेपा पुरतात. भारतात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा या तिघांवरही उत्पादन दायित्वाचा दावा लावता येतो, पण गाडी ठरावीक खेपांनंतर आपोआप परत घ्यावी लागेल असा वेगळा लेमन लॉ नाही. ग्राहक आयोग गरज पडल्यास योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेऊ शकतो, म्हणून तज्ज्ञाच्या अहवालाला तिथे फार वजन असतं.

'तोच दोष' हे शब्द कुठेही असले तरी अडचण तीच. जॉब कार्डांवर एकदा 'जर्क', एकदा 'पिकअप कमी', एकदा 'जनरल चेकअप' असं लिहिलं असेल, तर मालकाच्या लेखी एकच असलेलं दुखणं कागदावर तीन वेगवेगळे आजार ठरतात. दर खेपेला तेच वाक्य लिहून घ्यायचं ते यासाठी.

ही वाट लांबची आहे आणि सगळ्यांनी धरावी असं मी म्हणणार नाही. खडखडणारं दार, हँग होणारी टचस्क्रीन, तीस हजार किलोमीटरनंतर आलेला आवाज यांसाठी वर्ष-दोन वर्षं झिजण्यात हशील नाही. पण ब्रेक, स्टीअरिंग, चालत्या गाडीत इंजिन बंद पडणं, जळका वास यांचं तसं नाही. अशी गाडी चालवत डीलरकडे नेऊच नका, टो करून पाठवा. तक्रारीची एक प्रत वाहन सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेलाही द्या. अमेरिकेत एनएचटीएसए ही रस्ते-वाहन सुरक्षेची सरकारी संस्था मालकांच्या अशा तक्रारी घेते आणि त्यांवरून चौकशी सुरू करू शकते. डीलरला बोलणारा एकटा मालक आणि एकाच दोषाच्या अनेक नोंदी, यांतला फरक कंपनीला नीट कळतो.

विकणं: पैसे तुम्हीच देता, एकरकमी

शोधण्याचा खर्च इथे किमतीतून कापला जातो. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षातच सर्वांत जास्त उतरते, त्यामुळे वॉरंटीतली गाडी रागाच्या भरात विकणं ही चारांतली सर्वांत महाग वाट असते, आणि डीलरला सर्वांत सोयीची, विशेषतः त्याच्याकडेच एक्स्चेंज केली तर. वॉरंटी संपलेली असेल, बाहेरच्याने दोन बैठका मारूनही दोष हाती लागला नसेल आणि रोजच्या वेळेवर पोचण्यासाठी गाडीच लागत असेल, तर मात्र विकावी. दुखणं अंगावर काढण्यात नंतर फायदा नसतो.

दोष लपवून दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही. कॅलिफोर्नियात कंपनीने परत घेतलेल्या गाडीच्या मालकी कागदावरच तसा शिक्का बसतो, म्हणजे पुढच्या ग्राहकाला ते कळतं. खासगी विक्रीत असा शिक्का नसला तरी विचारल्यावर खोटं सांगणं बहुतेक ठिकाणी अंगाशी येऊ शकतं. सगळी जॉब कार्डं आणि बाहेरचं निदान फाइलमध्ये लावून गाडीसोबत द्या. घेणारा स्वतः मेकॅनिक असेल तर अशा फाइलवर तो बरी किंमतही देतो. आणि जाहिरात टाकण्याआधी व्हीआयएन एकदा तपासून घ्या. रिकॉल बाकी निघाला तर ते काम कंपनीला फुकट करून द्यावं लागतं, आणि कधीकधी तक्रारीचं मूळ तिथेच सापडतं.