डोक्याला मार लागल्यावरचं ‘ब्रेन मॅपिंग’: ठाणे-वाशीत हे पॅकेज घ्यावं का?

सीटी स्कॅन नॉर्मल, टाके नाहीत, घरचे म्हणतात ‘देवाची कृपा’. पण महिना उलटला तरी दुपारी तीननंतर डोकं चालेनासं होतं, दोन मेल लिहिल्या की आडवं व्हावंसं वाटतं. घोडबंदर रोडवर बाइक घसरलेले, कपाटाच्या दारावर कपाळ आपटलेले असे बरेच जण मग ‘ब्रेन मॅपिंग’पाशी येऊन थांबतात. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद), त्याचा रंगीत नकाशा आणि पाठोपाठ न्यूरोफीडबॅकची सेशन्स (आपल्याच लहरी पडद्यावर बघून त्या बदलायचा सराव), असा हा ऐवज असतो. इथे कोणा एका सेंटरबद्दल नाही, या सेवेबद्दल लिहितोय. मत आधीच सांगून टाकलेलं बरं: थकव्याच्या तक्रारीसाठी 5 पैकी दीड. तो दीडही ईईजी नीट काढला तरच.

नीट म्हणजे कसा? डोक्यावर मोजून-मापून 19 जागी इलेक्ट्रोड लागतात. आदल्या रात्री केस शाम्पूने धुवा, खोबरेल तेल अजिबात नको. तेलावर पेस्ट धरत नाही. प्रत्येक इलेक्ट्रोडचा इम्पीडन्स (त्वचेशी जोडणीतला विद्युत अडथळा) 5 किलोओहमच्या आत आणल्याशिवाय चांगला टेक्निशियन रेकॉर्डिंग सुरू करत नाही. किमान 20 मिनिटांचं रेकॉर्डिंग हवं, डोळे मिटून आणि उघडूनही. पापणी लवली की कपाळावरच्या इलेक्ट्रोडवर मोठी, संथ लाट उमटते. दात आवळले की कानशिलाजवळ बीटा (वेगवान लहरी) वाढल्यासारखा दिसतो. पेशंटला डुलकी लागली तर अल्फा (डोळे मिटून जागं असतानाच्या लहरी) ओसरून थीटा (त्याहून संथ लहरी) वर येतो, आणि गार एसीत आरामखुर्चीवर डोळे मिटून बसल्यावर डुलकी लागणारच! हे तुकडे हाताने काढून टाकले नाहीत, तर झोपेचा आणि पापण्यांचाच नकाशा हातात पडतो. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही लहरी बदलतात, म्हणून औषधांची यादी आधी विचारली गेली का ते बघा.

आता त्या लाल-निळ्या नकाशाबद्दल. तुमच्या लहरी ‘नॉर्मल’ लोकांच्या डेटाबेसशी ताडून झेड स्कोअर, म्हणजे सरासरीपासून तुम्ही किती दूर आहात ते, काढतात. 19 जागा गुणिले 4 प्रकारच्या लहरी म्हणजे 76 आकडे. अधिक किंवा उणे 2 च्या पलीकडचा स्कोअर ‘बिघाड’ धरला, तर ठणठणीत माणसाच्याही नकाशात सरासरी तीन-चार ठिपके निव्वळ योगायोगाने रंगतात. लाल ठिपक्यावर बोट ठेवून ‘मार इथेच लागलाय’ म्हणणाऱ्याला हे जरूर विचारा. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजी अकादमीने 1997 मध्येच सांगितलं होतं, की कन्कशननंतरच्या (डोक्याला सौम्य मार लागून मेंदूला धक्का बसल्यानंतरच्या) तक्रारींचं निदान करायला हे तंत्र वापरू नये.

पण खरी अडचण वेगळीच आहे. हा थकवा विश्रांतीत दिसत नाही, काम करता करता दिसतो. मॅकॲलिस्टर आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये सौम्य मार लागलेल्या लोकांना महिनाभरानंतर एफएमआरआयमध्ये (काम करताना मेंदूचा कोणता भाग राबतो ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) स्मरणाचं काम दिलं. उत्तरं इतरांच्या तोडीची आली, पण कामाचा बोजा वाढवल्यावर मेंदूचा बराच जास्त भाग राबताना दिसला. निकाल तोच, खर्च जादा. व्हान झोमेरेन यांनी 1984 मध्ये मांडलेला तर्कही याच दिशेचा: उणीव भरून काढायला सतत जादा जोर लावायचा, म्हणून माणूस दमतो. मग डोळे मिटून स्वस्थ बसवून घेतलेल्या ईईजीत हे कुठून सापडणार?

त्यापेक्षा साध्या गोष्टींतून जास्त कळतं. स्वीडनमध्ये तयार झालेली ‘मेंटल फटीग स्केल’ 15 प्रश्नांची आहे, बेरीज 10.5 च्या वर गेली तर थकवा गंभीरपणे घ्यायचा. त्यासोबत 10 मिनिटांची पीव्हीटी, म्हणजे लक्ष आणि प्रतिसादाच्या वेगाची चाचणी: स्क्रीनवर खूण दिसली की बटण दाबायचं. अर्ध्या सेकंदापेक्षा उशीर म्हणजे एक चूक. नुसती सरासरी घेऊ नका. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन मिनिटांतला फरक काढा. मोबाइलवर करत असाल तर दर वेळी तोच हँडसेट वापरा, टच उमटण्याचा वेळ प्रत्येकाचा वेगळा असतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 आणि झोप तपासल्याशिवाय सगळं खापर मेंदूवर फोडणं घाईचं.

पैसे घालायचेच तर कन्कशनची माहिती असलेल्या फिजिओकडे घाला. तो डोळ्यांची हालचाल तपासतो: बारीक अक्षर नाकाजवळ आणताना 5 सेंटिमीटरच्या आधीच दोन दिसायला लागलं, तर वाचताना डोकं का शिणतं ते तिथेच समजतं. मग ट्रेडमिल: ताशी सुमारे 5 किलोमीटर वेग, दर मिनिटाला चढ 1 टक्क्याने जास्त. त्रास 10 पैकी 3 गुणांनी वाढला की थांबायचं आणि तेव्हाचे ठोके टिपायचे. समजा ते 140 निघाले, तर रोज 20 मिनिटं त्याच्या 80 ते 90 टक्के, म्हणजे 112 ते 126 ठोक्यांच्या दरम्यान व्यायाम. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी. अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा सल्ला आता मागे पडलाय. 2022 च्या ॲमस्टरडॅमच्या, खेळातल्या कन्कशनवरच्या बैठकीतल्या तज्ज्ञांनी सुरुवातीचे 24 ते 48 तासच सापेक्ष (म्हणजे पूर्ण नव्हे, बेताची) विश्रांती आणि नंतर हळूहळू हालचाल सुचवली आहे.

न्यूरोफीडबॅकच्या सेशन्सचे पैसे आगाऊ भरू नका, एवढंच पुरे.

ईईजी निरुपयोगी आहे असं मात्र नाही. मार लागल्यावर फिट आली, क्षणभर भान हरपून तंद्री लागायला लागली, तर न्यूरॉलॉजिस्ट सांगतील तो साधा ईईजी करायचाच, नकाशाशिवाय. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी किंवा एका हातापायातली कमजोरी दिसली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मार किरकोळ वाटला तरीही.