ई४ला उत्तर काय: फ्रेंच की कारो-कान?

बुद्धिबळात पांढऱ्याने राजापुढचं प्यादं ई४ घरावर नेऊन डाव उघडला, तर काळ्याने काय खेळायचं? सिसिलियन बचाव (सी५चं उत्तर) पाठ करायला वेळ नाही म्हणणारे बहुतेक जण शेवटी या दोघांपाशी येऊन थांबतात. दोन्हींत काळ्याची दुसरी चाल डी५च. आधी प्यादं ई६ करायचं (फ्रेंच) की सी६ (कारो), एवढाच प्रश्न. पण त्यावर वजिराकडच्या उंटाचं नशीब ठरतं.

फ्रेंचमध्ये ई६वर प्यादं बसलं की सी८चा उंट घरातच कोंडतो. पांढऱ्याने ई५ ढकललं तर वीस चालींनंतरही बिचारा तिथेच असतो. कारोत तो आधी एफ५वर निघतो, मग ई६ करून दार लावायचं.

मग फ्रेंच खेळायचं कशाला? सी५साठी. प्यादं एका झेपेत सी५वर जातं, मागून घोडा सी६वर, वजीर बी६वर, आणि सगळे मिळून डी४वर तुटून पडतात. कारोत तेच प्यादं दोन हप्त्यांत सी५ला पोचतं, तोवर घोड्याचं घरही अडवून बसतं.

२५ नोव्हेंबर २०२४ला सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या पहिल्याच डावात गुकेशने ई४ खेळलं. तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन, त्याने फ्रेंच काढलं. गुकेशने ई५, एफ४ अशी भिंत उभारली, तरी ४२ चालींत डाव काळ्याने घेतला. पाचव्या डावात मात्र गुकेशने डी५वर प्याद्यांची अदलाबदल केली आणि बरोबरी झाली. फ्रेंचवाल्यांचं खरं दुखणं हे: जिंकायला बसावं आणि समोरच्याने पट सपाट करून टाकावा.

कारो सुरक्षित म्हणतात. ११ मे १९९७ला न्यूयॉर्कमध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हने डीप ब्लू या संगणकाविरुद्ध तेच खेळलं. सातव्या चालीला एच६, लगेच संगणकाचा घोडा ई६वर आदळला, आणि १९ चालींत खेळ खलास. पण नीट बघा, त्या डावात आधी घोडा डी७वर आला, मग ई६ झालं, आणि तेव्हा उंट सी८वरच होता. म्हणजे कारो खेळून फ्रेंचचीच अडचण ओढवून घेतलेली.

स्पर्धा महिन्यावर असेल तर मी कारोच सांगेन. कोंडलेल्या जागेत धीर धरणारे असाल, हातात वर्षभर असेल, तर फ्रेंच. कारोत पांढऱ्याचा घोडा ई४वर आला की उंट एफ५ला काढा. घोडा जी३वरून हाकलेल, तेव्हा उंट जी६ला. पांढऱ्याने एच४ केलं की इथे मात्र एच६ करायचंच, नाहीतर एच५ होऊन उंट अडकतो.