14 महिने खाऱ्या पाण्यात: हातातला व्हीएचएफ सेट, त्याची रबरं आणि गवंड्याची लेव्हल नळी

हर्णै बंदरात आमची बोट आहे. बाबा तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, मोठा भाऊ आणि सहा खलाशी. वायरिंग, जीपीएस, फिशफाइंडर आणि वायरलेस ही सगळी माझ्याकडची कामं. ऑगस्ट 2023 मध्ये पावसाळी मासेमारीची बंदी उठल्यावर आम्ही हातात धरायचा मरीन व्हीएचएफ सेट, म्हणजे बोटीवरून बोटीशी बोलायचा वायरलेस, घेतला. केबिनमध्ये मोठा सेट आहेच, पण तो बोटीच्या बॅटरीवर चालतो. ती बॅटरी गेली तर हाताशी दुसरं काहीतरी हवं, म्हणून हा. 5 वॅटचा, खोक्यावर ठळक अक्षरात ‘वॉटरप्रूफ, आयपीएक्स7’. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या जातीच्या कुठल्याही सेटला लागू पडतं.

आधी सेटबद्दल थोडक्यात. आवाज मोठा आहे, इंजिन चालू असतानाही कळतो. स्क्रीन उन्हात वाचता येते. बॅटरी ऐकण्यावर ठेवली तर दिवसभर पुरते. सारखं बोलत राहिलं तर संध्याकाळपर्यंत संपते. बोटीवरून बोटीवर चार-पाच मैल सहज बोलणं होतं. त्यापुढे अँटेनाच्या उंचीचा प्रश्न येतो, त्यात सेटचा दोष नाही. हौस म्हणून घ्यायची ही वस्तू नव्हे. याला लायसन्स लागतं, ते आधी बघा.

मार्च 2024 मध्ये एका पहाटे बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) दोर अडकून बोट बंद पडली. नेमकी त्याच दिवशी केबिनची बॅटरीही उतरलेली. भावाने हातातला सेट घेतला आणि संकटात हाक मारायच्या 16 नंबरच्या चॅनलवर हाक मारली. पलीकडच्या बोटी आपापसात बोलत होत्या ते त्याला स्पष्ट ऐकू येत होतं. पण त्याने बोलायचं बटण दाबलं की स्क्रीन विझायची आणि सेट पुन्हा पहिल्यापासून चालू व्हायचा. दहा-बारा वेळा त्याने प्रयत्न केला. शेवटी उजाडल्यावर कापड हलवून दुसऱ्या बोटीला बोलावलं आणि त्यांनी ओढून आणलं. समुद्र शांत होता, सगळे सुखरूप आले. मी त्या वेळी घरी झोपलो होतो. सेट सांभाळायचं काम माझं, आणि माझा भाऊ दोन तास ऐकत बसला होता; त्याचं मात्र कोणालाच ऐकू जात नव्हतं. ही गोष्ट मला अजून सोडत नाही.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सेट हातात घेतला, मागे पाहिलं आणि ‘पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही’ म्हणून परत दिला. वॉटरप्रूफ म्हणून विकलेल्या वस्तूत पाणी जातं कसं, हे विचारलं तर उत्तर नाही. मग मीच शोधायला लागलो.

आयपीएक्स7 चा अर्थ काय, ते नीट समजून घेतलं तर निम्मा उलगडा तिथेच होतो. नवा सेट 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटं ठेवायचा, आत घातक ठरेल एवढं पाणी जाता कामा नये. चाचणी गोड्या पाण्यात, स्थिर पाण्यात. आणि एक अट अशी की पाण्याच्या आणि सेटच्या तापमानात 5 अंशांहून जास्त फरक नसावा. जोराच्या धारेची चाचणी यात नाहीच, ती वेगळी असते. आता आमच्या बोटीवरचा सेट बघा. दुपारभर केबिनच्या टपावर उन्हात, काळं प्लास्टिक हाताला चटका देतं. मासळी काढून झाली की खलाशी हाताची, सेटची चिकटाई धुतात ती बर्फाच्या पाण्यात, नाहीतर डेक धुवायच्या पंपाच्या धारेखाली. कोणी मुद्दाम करत नाही, सोयीचं असतं म्हणून करतात.

सेटच्या आतली हवा 50 अंशांपर्यंत तापलेली असेल आणि ती 5 अंशांच्या बर्फाच्या पाण्यात तेवढीच गार झाली, तर ती आक्रसते आणि आतला दाब सुमारे 14 टक्क्यांनी उतरतो. म्हणजे सेट बादलीत वीतभर पाण्यात असला तरी त्याच्या रबरांवर जवळजवळ 1.4 मीटर खोल पाण्याइतकी ओढ बसते. खोक्यावरची हमी 1 मीटरची! हा हिशेब मांडला तेव्हा माझा कंपनीवरचा अर्धा राग गेला. अर्धा राहिला, कारण हे कुठल्याही माहितीपत्रकात सरळ लिहिलेलं नाही.

दाबाचा हा खेळ सांभाळण्यासाठी सेटला एक सोय असते. बॅटरी काढली की पाठीवर एक बारीक भोक दिसतं, त्यावर पांढरी गोल चकती. तिच्यातून हवा जाते, पाणी जात नाही. उन्हात तापला, रात्री निवला, तरी आतबाहेरचा दाब सारखा राहतो. मात्र चकती पाण्याखाली असताना बाहेरची हवा आत यायला वाट नसते. आणि मीठ बसून ती बुजली, तर हवेतसुद्धा वाट नसते. मग सेट प्रत्येक रात्री निवताना रबरांच्या फटीतून दमट हवा ओढत राहतो. ओळखीच्या एका बोटीवर कोणीतरी ते भोक रिसेटचं समजून टाचणीने टोचलं होतं. कृपा करून असं करू नका. त्या चकतीला ग्रीस लावू नका, स्पिरिट लावू नका.

जूनमध्ये बंदी लागली, बोट वर घेतली आणि मी सेट उघडायला बसलो. पण त्याआधी मला पाणी नेमकं कुठून जातं ते बघायचं होतं, आणि पाण्यात न बुडवता. सर्व्हिसवाल्यांकडे यासाठी व्हॅक्यूमचा पंप आणि गेज असतो. माझ्याकडे गवंड्याची लेव्हल नळी होती.

पारदर्शक नळी फळीवर इंग्रजी यू आकारात बसवली, अर्धी पाण्याने भरली, दिसावं म्हणून त्यात नीळ. एक टोक उघडं. दुसऱ्या टोकाला मेडिकलमधून आणलेला सलाईनचा थ्री-वे, म्हणजे तीन वाटांची छोटी तोटी, त्याला एका बाजूने 50 मिलीची सिरिंज, दुसऱ्या बाजूने माशांच्या टाकीची बारीक नळी. त्या नळीच्या टोकाला काचेला चिकटणाऱ्या हुकाचा रबरी वाटा, मधोमध भोक पाडून. तो वाटा सेटच्या पाठीवरच्या चकतीवर दाबून बसवायचा आणि सिरिंजने हवा ओढायची. आतला दाब कमी होतो आणि नळीतल्या पाण्याच्या दोन पातळ्यांत फरक पडतो. 50 सेंटिमीटर फरक म्हणजे अर्धा मीटर खोल पाण्याइतका ताण. मग सिरिंजची वाट बंद करून घड्याळ लावायचं. पाणी जागचं हललं नाही तर सेट घट्ट.

वाटा आधी काचेवर बसवून पाहा. माझी पहिली संध्याकाळ सेटला दोष देण्यात गेली, आणि गळत होता थ्री-वेचा सांधा. दुसरी गोष्ट: सेट हातात धरू नका. एका अंशाने आतली हवा तापली तरी पातळीत साधारण साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो. मी अर्धा तास सेट फळीवर तसाच ठेवतो, पंखा बंद, मगच ओढतो.

आमच्या सेटचं पाणी 50 वरून 10 वर यायला पाऊण मिनिटही लागलं नाही.

गळती कुठे आहे हे मात्र ओढीवर कळत नाही, साबणाचं पाणी आत खेचलं जाईल. त्यासाठी उलट करायचं, सिरिंजने थोडी हवा आत ढकलायची आणि बाहेरून ब्रशने साबणाचा फेस लावायचा. 20 सेंटिमीटरच्या वर जाऊ नका, आतून जोर बसला तर स्पीकरचा पडदा आणि बटणांचं रबर सुटतं. दोन ठिकाणी बुडबुडे आले. आवाजाच्या नॉबच्या बुडाशी एकामागून एक बारीक, आणि माइकच्या जॅकच्या रबरी झाकणाशी एक मोठा, सावकाश फुगणारा. झाकण उघडून भिंगातून पाहिलं. ओठावर तारलीचं खवलं आडवं चिकटलेलं होतं, कागदाहून पातळ. एवढ्यानेच झाकण बसत नव्हतं.

मग उघडला. स्क्रू टॉर्क्स जातीचे, साधा पेचकस लावला तर डोकी जातात. नॉबच्या दांड्यावरची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, एका बाजूने दाबली जाऊन चपटी झालेली, भोवती मिठाचा पांढरा थर. नवी रिंग 1 मिलिमीटर जाडीची असते, ही व्हर्नियरवर 0.8 भरली. त्यातून आलेलं पाणी बोर्डापर्यंत पोचलं नव्हतं, स्क्रीनच्या काचेखाली मात्र धुकं धरलं होतं. आणि ज्याने भावाचा आवाज बंद केला ते वेगळंच निघालं. बॅटरीच्या पाठीवरचं रबर दबून गेलेलं, त्यातून झिरपलेल्या खाऱ्या पाण्याने संपर्काच्या पट्ट्यांवर हिरवा गंज. ऐकायला करंट थोडा लागतो, तो त्या गंजातूनही जातो. बोलायला मात्र दीडेक अँपिअर लागतो; एवढा करंट मागितला की गंजावरच व्होल्टेज पडतं आणि सेट बंद होतो. म्हणून ऐकू येतंय याचा अर्थ सेट चांगला आहे असा नाही. निघण्याआधी एकदा पूर्ण ताकदीवर बोलून पाहायला हवं, आणि तेही गप्पांचं चॅनल धरून, 16 वर नाही.

1 मिलिमीटरची ओ-रिंग हायड्रॉलिकच्या दुकानात मिळेना, त्यांच्याकडे सगळं ट्रॅक्टर-जेसीबीचं. दापोलीतल्या एका घड्याळवाल्या काकांकडे डबाभर होत्या. त्यांनी माझी जुनी रिंग बोटांत फिरवली आणि म्हणाले, “ही ताणून बसवू नकोस हो. ताणली की बारीक होते, मग दाब धरत नाही.” आतल्या मापाला बरोब्बर जुळणारी तीन रुपयांची रिंग दिली. ग्रीससाठी पेट्रोलियम जेली विचारली तर मान हलवली. सिलिकॉन ग्रीस वापर, तेही बोटाला चकाकी येण्यापुरतंच. वॉटर प्युरिफायर दुरुस्त करणाऱ्यांकडे त्याची छोटी ट्यूब मिळते. नॉबची रिंग नायट्राइल रबराची, तिला ते चालतं. सेटच्या दोन्ही अर्ध्यांमधलं मोठं गॅस्केट (सांध्यातलं रबर) मात्र सिलिकॉनचंच होतं. सिलिकॉनला सिलिकॉन ग्रीस लावलं तर ते फुगतं. ते नुसतं गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून, खोबणीत बसवलं.

बंदरावर बरेच जण अशा वेळी काचेला लावायचा सीलंट भरतात. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो तो सेटच्या जवळही आणू नका, त्यातल्या आम्लाने तांबं खाल्लं जातं. लावायचाच तर बिनवासाचा न्यूट्रल लावा. माझं मत असं की जिथे रबर होतं तिथे रबरच बसवावं. एकदा चिकटवलेला सेट पुढच्या वेळी उघडतच नाही.

गंज खोडरबराने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढला. बॅटरीच्या रबरासाठी कंपनीचाच भाग मागवला, यायला तीन आठवडे लागले. बसवताना स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने, समोरासमोर, थोडे थोडे आवळले. पुन्हा नळीवर चढवला. 50 वरून दहा मिनिटांत 49. त्या रात्री मला नीट झोप लागली.

आतला दमटपणा गेलाय का, हे बघायचीही घड्याळवाल्या काकांनीच रीत सांगितली. सेट उन्हात कोमट होऊ द्यायचा आणि स्क्रीनच्या काचेवर बर्फाचा खडा क्षणभर टेकवायचा. आत ओल असेल तर काचेच्या आतून धुकं धरतं. आमच्या सेटवर पहिल्या दिवशी धरलं, उघडून दोन दिवस बल्बखाली सुकवल्यावर नाही धरलं. तांदळात पुरून ठेवण्याचा सल्ला खूप जणांनी दिला, पण तांदूळ मीठ काढत नाही. खारं पाणी गेलंच तर बॅटरी लगेच काढा आणि मीठ धुवायची सोय बघा, सुकवणं त्याच्या नंतर.

दुसऱ्या हंगामात, म्हणजे ऑगस्ट 2024 पासून, आम्ही एवढं करतो. सेट टपावर ठेवत नाही, केबिनच्या सावलीत टांगतो. तापलेला सेट धुवत नाही; आधी दहा मिनिटं निवू देतो. बंदरात आलं की बॅटरी बसवलेली आणि झाकण बंद असताना गोड्या पाण्याच्या मगाने धुतो, स्पीकर खाली करून झटकतो आणि पूर्ण सुकल्याशिवाय झाकण उघडत नाही. झाकणाचा ओठ बोट फिरवून तपासायचं काम आता सगळ्यात लहान खलाशाकडे आहे. तो रोज मला दाखवून करतो, आणि आतापर्यंत दोनदा त्याला खवलं सापडलं.

पंधरा दिवसांनी एकदा नळीवर चढवतो आणि आकडा वहीत लिहितो. ऑगस्ट अखेर 49, सप्टेंबरमध्ये दोन्ही वेळा 48. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात 44 आला. साबण लावून पाहिलं तर बोलायच्या बटणाच्या रबरावर, अंगठा पडतो तिथे, केसासारखी चीर. बाहेरून नजरेला दिसत नव्हती. बाबांनी वहीतला आकडा पाहिला आणि एवढंच विचारलं, “मग हा नेऊ की नको?” मी नको म्हटलं. शेजारच्या बोटवाल्यांकडून त्यांचा जादा सेट मागून घेतला.

घ्यावा का, असं कोणी विचारलं तर मी हो म्हणेन, पण दोन गोष्टी दुकानातच बघून. एक, ओ-रिंग, बॅटरीचं रबर आणि बटणांचं रबर सुटं मिळतं का. नसेल तर कितीही भारी असला तरी घेऊ नका. दोन, पाठ स्क्रूने बंद केलेली आहे की चिकटवलेली. आमच्या सेटचं बटणाचं रबर मिळतं. मागवलंय, दिवाळीच्या आधी येईल असं म्हणालेत. तोवर सेट घरी फळीशेजारी ठेवला आहे, बॅटरी काढून.