पाझर तलावाची तपासणी: आठ हजार वसूल, अहवालाने मात्र दमवलं

आमच्या गावचा पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. आईने स्वतः त्या भरावावर मातीच्या पाट्या टाकल्यात. दोन वर्षं झाली, पायथ्याला माझ्या बांधालगत ओल दिसायची. गावात सगळ्यांचं एकच, "पाझर तलावच तो, पाझरणारच की!" माझ्या डोक्यातून मात्र रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण जात नव्हतं. २ जुलै २०१९ च्या रात्री ते धरण फुटलं, आणि गळतीची ओरड तिथले लोक आधीपासून करत होते. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरच्या वरची धरणं येतात, १० ते १५ मधली काही अटींवर. आमचा भराव जेमतेम आठ मीटर, म्हणजे त्यात बसतच नाही. मग खालच्या अकरा विहिरीवाल्यांनी वर्गणी काढली आणि एका निवृत्त इंजिनिअर साहेबांना बोलावलं. फी ८,००० रुपये, येण्याजाण्याचं वेगळं.

मी म्हणत होतो मेमध्ये या, तेव्हा शेतं मोकळी असतात. त्यांनी साफ नाही म्हटलं. तलाव तुडुंब असतानाच गळती दिसते, म्हणून आले ऑक्टोबरात. सकाळी सातला माथ्यावरून चालायला लागले ते साडेअकरापर्यंत. घुशींची बिळं काठीने मोजली. वेडी बाभूळ कोवळी असेल तर मुळासकट काढा म्हणाले, पण थोराड झाडांना मला विचारल्याशिवाय हात लावू नका. खोड तोडलं की मुळं आत कुजतात आणि पाण्याला आयती वाट होते.

ओलीपाशी आल्यावर खाली बसले. झिरपणारं पाणी स्टीलच्या पेल्यात धरलं आणि पेला दगडावर ठेवून दिला. आमचा चहा होईस्तोवर तळाला बोटभर नाही, पण नखावर घेता येईल इतकी पिवळी माती बसली होती. "तळातून पाझरू दे, त्यासाठीच तलाव आहे. पण हे पाणी भरावातून येतंय, आणि माती घेऊन येतंय." मागच्या वर्षी आम्ही तिथे चिकणमाती चोपून ओल दाबली होती, ती काढायला लावली. पाणी कोंडायचं नाही, नुसती माती अडवायची: आधी जाड वाळू, मग खडी, वर दगड. दोन ट्रॉल्यांत काम झालं. आता रोज त्याच पेल्याने बघतो, नितळ येतंय.

खरी वादावादी सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवर झाली. पाणी जास्त साठावं म्हणून आमच्याच लोकांनी तिथे मातीच्या गोण्या रचलेल्या. साहेब म्हणाले, मातीच्या भरावावरून एकदा पाणी गेलं की संपलं, गोण्या आजच काढा. तात्या भडकले, "तुम्ही काय फुकटचं पाणी सोडायला आलात होय?" पण संध्याकाळी गोण्या निघाल्या. तात्यांनीच दोन उचलल्या.

आता तक्रार. अहवाल आठ दिवसांत देतो म्हणाले, आला सात आठवड्यांनी. तोही सगळा इंग्रजीत, बावीस पानं! भाचीकडून फोनवर समजून घ्यावा लागला. फोटोंवर जागेची खूणही नाही, कुठलं बीळ कुठलं काही कळत नाही. पाचपैकी एक तारा त्याचा कापला.

तलाव आटला की पाण्याकडच्या बाजूचं पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर, बघायला मेमध्ये परत येणार आहेत. या खेपेला अहवाल मराठीत, आणि तो हातात पडल्यावरच निम्मे पैसे, असं आधीच बोलून घेतलंय.